गोबरगॅसवर पाच एचपीचं इंजिन : प्रकल्पाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. औसा तालुका, तात्यांचा आखाडा (शेतातलं घर आणि गोठा)

आजपासून वही सुरू. विहिरीवरचं इंजिन सिंगल सिलिंडर, पाच एचपी, १५०० आरपीएम, हँडल मारून सुरू होणारं. वय वीसच्या पुढे. आखाड्याच्या मागे आजोबांनी बांधलेला गोबरगॅस आहे, तरंगत्या ड्रमचा : गॅस साठला की ड्रम वर येतो, वापरला की खाली जातो. मधली बरीच वर्षं तो बंद होता. दोन वर्षांपूर्वी तात्यांनी गंजलेला लोखंडी ड्रम काढून फायबरचा बसवला आणि काकूंची शेगडी पुन्हा पेटली. सकाळी ड्रम पूर्ण वर आलेला असतो आणि कडेने बुडबुडे सुटत असतात. म्हणजे रात्रीचा जादा गॅस हवेत जातो.

वाया जाणारा हा गॅस इंजिनाला द्यायचा, डिझेल वाचवायचं, धूर कमी करायचा, एवढा हा प्रकल्प. मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवते. शेवटच्या वर्षाची दोन मुलं सोबत आहेत, दर रविवारी लातूरहून येतील. मीटर कॉलेजचे, इंजिन तात्यांचं.

सौर पंप असताना हे कशाला, असं शेजारच्या शेतातले काका विचारून गेले. प्रश्न रास्त आहे. ज्याला सौर पंप मिळाला त्याने या भानगडीत पडू नये. पण तात्यांच्या विहिरीवर वीज येते ती कधी दिवसा, कधी रात्री, आणि कडबाकुट्टी तर संध्याकाळीच चालवावी लागते. तोवर हे इंजिन धूर ओकतच राहणार. गोठा इंजिनाला लागून आहे. तो धूर जनावरांच्या आणि दूध काढणाऱ्या काकूंच्या नाकात जातो. माझ्यासाठी खरं कारण तेच आहे.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आखाड्यावर आले आणि जनावरं मोजली. देवणी गाई तीन, म्हशी चार, एक बैलजोडी. मोठी नऊ. प्रत्येकी साधारण दहा किलो शेण धरलं तर ९० किलो. एक किलो ताज्या शेणातून ४० लिटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे दिवसाला ३.६ घनमीटर. प्लांट सहा घनमीटरचा आहे, त्याला पंधरा जनावरं लागतात. आजोबांच्या काळी ती होती.

शेणाइतकंच पाणी लागतं, म्हणजे ९० लिटर. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हाही हा प्लांट बंदच होता, पण चालू असता तरी त्यात पाणी ओतायची कुणाची छाती झाली नसती. मराठवाड्यात गोबरगॅस बंद पडायला ड्रम गंजण्याबरोबर हे पाणी आणि चाऱ्यापायी विकलेली जनावरंही कारण आहेत. सरकारी अनुदानाच्या तक्त्यात हे कुठे दिसत नाही.

काकूंनी अट घातली : "सैपाकाला गॅस उरला पाहिजे. एवढं आधीच सांगून ठिवते."

घरात सहा माणसं. दोन वेळच्या स्वयंपाकाला दीड घनमीटर तरी जातोच. इंजिनाच्या वाट्याला राहिले दोन.

२४ नोव्हेंबर

आधी निव्वळ डिझेलवरची मोजणी. हे केल्याशिवाय पुढचं काहीच बोलता येणार नाही, हे मुलांना तीनदा सांगावं लागलं. त्यांना गॅस लावायची घाई.

इंजिनाला पट्ट्याने छोटा अल्टरनेटर जोडला आणि भार म्हणून ५०० वॅटचे पाच हॅलोजन. डिझेल मोजायला टाकीऐवजी ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली काचेची नळी. ५० सीसी डिझेल किती सेकंदांत संपतं ते घड्याळाने पाहायचं.

पाचही दिवे, म्हणजे अडीच किलोवॅट : १८१ सेकंद. तासाला जवळपास एक लिटर.
दोन दिवे, एक किलोवॅट : २७८ सेकंद. तासाला ०.६५ लिटर.
रिकामं : ४५५ सेकंद, ०.४ लिटर.

नुसतं फिरायलाच तासाला चारशे सीसी जातं. तात्यांना हा आकडा सगळ्यात जास्त लागला. "म्हंजी मी बोलत उभा राहतो तेवढ्यात पाव लिटर जातं की."

धुरासाठी आज फक्त धोतराचं पांढरं फडकं, सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ३० सेकंद. पाच दिव्यांवर फडक्यावर वाटीएवढा काळा ठसा. तारीख घालून वहीत चिकटवला.

१ डिसेंबर

गॅसची तपासणी. १०० मिलीच्या सिरिंजमध्ये गॅस घेतला, कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओढून हलवलं. कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो आणि उरतो तो बहुतेक मिथेन. तीन वेळा केलं : ५७, ५८, ५६. म्हणजे मिथेन ५७ टक्के धरायला हरकत नाही. गोबरगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ असतो. (हातमोजे आणि चष्मा लावूनच करायचं. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो.)

यावरून कामाचा एक आकडा निघाला. ओलसर, ३० अंशांच्या आसपासच्या या गॅसच्या एका घनमीटरमध्ये जी ऊर्जा आहे ती जवळपास अर्ध्या लिटर डिझेलइतकी. पुढचा सगळा हिशोब यावर उभा आहे.

ड्रमचा व्यास दोन मीटर. म्हणजे ड्रम एक सेंटिमीटर खाली गेला की ३१.४ लिटर गॅस खर्च झाला. वेगळं गॅसमीटर घ्यायची गरजच नाही. ड्रमच्या गाइडवर स्टीलची पट्टी ठोकली.

मिक्सर कॉलेजच्या लेथवर करून आणला. हवेच्या नळीत बसणारा, मध्ये अरुंद झालेला तुकडा. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि भोवतीच्या बारा छिद्रांतून गॅस आपोआप ओढला जातो. ड्रममधला दाब पाण्याच्या नळीत आठ सेंटिमीटर दिसतो. इतका कमी दाब पुरेल का अशी धास्ती होती. पुरतो.

८ डिसेंबर

पहिल्यांदा गॅसवर.

क्रम असा ठरवला. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, दहा मिनिटं तापू द्यायचं, भार टाकायचा, मगच गॅसचा कॉक हळूहळू उघडायचा. बंद करताना आधी गॅस, मग डिझेल. हा क्रम खडूने भिंतीवर लिहिला. इंजिन आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याची सुरक्षा बाटली बसवली, म्हणजे उलटी ज्योत आली तरी ती पाण्यात विझावी. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक जोड फसफसला, तो बदलला.

कॉक पाव उघडला तसा आवाज बदलला. इंजिनाचा वेग वाढायला लागला की गव्हर्नर आपणहून डिझेल कापतो. सिलिंडरमध्ये गॅस येतोय हे त्याला ठाऊकच नसतं. तो फक्त वेग सांभाळतो. यातली खुबी हीच आहे, इंजिनाच्या आत काहीही बदलावं लागत नाही.

तात्या म्हणाले, "डिझेल पार बंद करून बघ की मग." मुलांनाही तेच हवं होतं. त्यांना समजावलं ते इथे लिहून ठेवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेटतं. डिझेल २१० ते २५० अंशांच्या दरम्यान आपोआप पेटतं, मिथेनला ५४० च्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात मिथेन स्वतःहून पेट घेत नाही. थोडं डिझेल आत गेलं तर ते काडीचं काम करतं आणि त्याच्या जाळावर गॅस जळतो. काडीच काढून घेतली तर इंजिन थांबेल. दुसरं म्हणजे इंजेक्टरचं टोक त्याच्यातून जाणाऱ्या डिझेलनेच थंड राहतं. डिझेल फार कमी केलं की नोझल करपतं.

कॉक अर्ध्याच्या पुढे नेला तेव्हा ठोका (सिलिंडरमध्ये गॅस अवेळी, एकदम पेटल्याचा आवाज) ऐकू आला. मागे घेतला. ठोका नाही आणि डिझेल कमीत कमी, अशी जागा सापडायला चाळीस मिनिटं लागली. पाच दिव्यांवर ५० सीसी डिझेल ६०४ सेकंद पुरलं. तासाला एक लिटरवरून ०.३ लिटर. सत्तर टक्के डिझेल वाचलं.

फडक्यावरचा ठसा आज राखाडी, कडा पुसट. काकूंनी दोन्ही फडकी शेजारी धरून पाहिली. "असलं रोज चालव बाई," म्हणाल्या.

१० डिसेंबर

ही कल्पना नवीन नाही. रेल्वेने जानेवारी २०१५ मध्ये रेवाडी-रोहतक मार्गावर डिझेलसोबत सीएनजी जाळणारी डेमू गाडी सुरू केली. दिल्लीच्या आसपास हवा बिघडली की डिझेल जनरेटर ७० टक्के गॅस आणि ३० टक्के डिझेल अशा जोडणीवर चालवायचे निर्देश आहेत. आपला आकडा त्याच्याशी जुळला म्हणून मुलं खूश. तिथे पाइपातून नैसर्गिक वायू येतो, जवळजवळ निव्वळ मिथेन. आपल्याकडे चाळीस टक्क्यांच्या वर न जळणारा कार्बन डायऑक्साइड आहे. त्याचा एक फायदाही आहे, तो ठोका दाबतो.

आपल्या भागात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, गॅसही करता येईल. पऱ्हाट्या कमी हवेत जाळल्या की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतो. पण त्यात निम्मा नायट्रोजन आणि चिकट डांबर. ते डांबर इंजिनाआधी काढणं हे वेगळंच मोठं काम आहे, आणि मोनॉक्साइड गळला तर वासही येत नाही. ते आत्ता नको.

१५ डिसेंबर

सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. गॅसमध्ये तो अगदी थोडा असतो, पण जळून त्याचं आम्ल होतं. ते इंजिन ऑइल खराब करतं आणि तांब्या-पितळेची बुशिंग खातं. शेगडीला हे चालून जातं. इंजिनाला चालणार नाही.

उपाय जुनाच, गंज. लेथचा लोखंडी कीस मिठाच्या पाण्यात भिजवून आठवडाभर उन्हात गंजवला आणि चार इंची पीव्हीसी पाइपात मीटरभर भरला. गंज हा लोहाचा ऑक्साइड, तो सल्फाइडला धरून ठेवतो. आधी आणि नंतर असे दोन कॉक ठेवले. पारख करायला कागद बाजारातून आणता आला असता, पण काकूंनी तुटक्या पैंजणाचे दोन तुकडे दिले. आधीच्या कॉकवर चांदी दहा मिनिटांत तपकिरी, मग काळी. नंतरच्या कॉकवर तासाभराने जशीच्या तशी. इंजिन दुरुस्त करणारे मेस्तरी एवढा वेळ लांबून बघत होते, चांदी पाहिल्यावर जवळ आले आणि फिल्टरचे जोड स्वतः पुन्हा आवळून गेले.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात. भज्जी, आंबील, ज्वारीच्या पेंढीच्या खोपीत पूजा. इंजिनाला आज हात लावला नाही. ड्रमचीच नोंद घेतली : सकाळी पूर्ण वर, पण बुडबुडे नाहीत. थंडीने गॅस कमी होऊ लागला आहे.

५ जानेवारी २०२५

आज मोठा अनर्थ थोडक्यात टळला. सविस्तर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तो होणार नाही.

फिल्टरनंतरची चांदी आज काळी पडली. कीस भरला, आता त्याला पुन्हा ताजा करायचा. तो बाहेर काढून हवेत पसरला की हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा गंज तयार होतो आणि गंधक वेगळं पडतं. हे सगळं मला माहीत होतं. ही क्रिया उष्णता सोडते हेही पुस्तकात वाचलेलं. पण कीस पाइपातून काढून ढिगाने ठेवला, तोही कडब्याच्या गंजीपासून पाच-सहा पावलांवर. वीस मिनिटांनी धूर दिसला. ढिगाचा मधला भाग लालसर झाला होता आणि वारा गंजीकडे. तात्यांनी घमेल्याने माती टाकली, मुलांनी पाणी आणलं. गंजी वाचली. ती पेटली असती तर उन्हाळ्याचा सगळा चारा गेला असता.

आजपासून नियम : कीस पाइपातच पाण्याने भिजवायचा, ओला असतानाच काढायचा, बोटभर जाडीने दगडी फरशीवर पसरायचा, गोठा आणि गंजीपासून लांब, आणि वाळेपर्यंत माणूस तिथून हलणार नाही. भिंतीवर हाही नियम लिहिला. मुलांसमोर सांगितलं की चूक माझी होती.

१२ जानेवारी

कॉलेजमधून गॅस ॲनालायझर आणि स्मोकमीटर आणले. दिवसभर मोजणी.

पाच दिव्यांवर धूर ५२ वरून १९ वर आला. नायट्रोजन ऑक्साइड ७८० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ७८०) ५६०. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड ज्योतीचं तापमान खाली आणतो, म्हणून हे अपेक्षित होतं. कार्बन मोनॉक्साइड ०.०६ टक्क्यावरून ०.१४. वाढला, पण थोडा.

दोन दिव्यांवर धूर जवळजवळ नाहीसा. मोनॉक्साइड मात्र ०.०५ वरून ०.२८. हायड्रोकार्बन २२ वरून ३१० पीपीएम.

मुलांनी लगेच तक्ता केला आणि खाली लिहिलं : "धूर, नायट्रोजन ऑक्साइड कमी. हायड्रोकार्बनमध्ये किंचित वाढ." मला ते "किंचित" खटकलं. दोन दिव्यांवर सायलेन्सरजवळ उभं राहिलं की शेगडी पेटण्याआधी येतो तसा कच्चा गॅसचा वास येत होता.

ड्रमच्या पट्टीकडे गेले. पाच दिव्यांवर अर्ध्या तासात ड्रम २५ सेंटिमीटर उतरला होता. दोन दिव्यांवर, निम्म्याहून कमी कामाला, २० सेंटिमीटर.

१३ जानेवारी, रात्री

आखाड्यावरच राहिले. हिशोब मांडल्याशिवाय झोप येणार नव्हती.

पाच दिवे. तासाला ०.७ लिटर डिझेल वाचलं. त्याच्या बदल्यात गॅस १.४ घनमीटर लागायला हवा. ड्रम म्हणतो १.५७. जादा ०.१७. ठीक आहे.

दोन दिवे. वाचलेलं डिझेल ०.३५ लिटर. गॅस हवा ०.७ घनमीटर. ड्रम म्हणतो १.२५. जादा ०.५५, म्हणजे दिलेल्या गॅसपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त गॅसने कामच केलं नाही. काही अर्धवट जळून मोनॉक्साइड झाला असेल, काही उशिरा जळून नुसती उष्णता झाली असेल. पण उरलेला सरळ सायलेन्सरमधून बाहेर गेला आहे.

मग ॲनालायझर ३१० च का दाखवतो? कारण हे मीटर पेट्रोलच्या गाड्यांसाठी हेक्सेनवर बेतलेलं आहे. ते ज्या अवरक्त किरणांच्या पट्ट्यात पाहतं तिथे मिथेन फार थोडा दिसतो. आपल्या बाबतीत नेमकं जे बाहेर पडतं तेच त्याला नीट दिसत नाही. सिलिंडर ६६० सीसीचा, म्हणजे तासाला साधारण २५ घनमीटर हवा जाते. जादा गॅसपैकी निम्मा जरी न जळता गेला असं धरलं तरी धुरात मिथेन सहा हजार पीपीएम भरतो. मीटर काय म्हणतं आणि ड्रम काय म्हणतो यात इतकं अंतर आहे.

आता ही गोष्ट किती महत्त्वाची ते. एक लिटर डिझेल जळून २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. दोन दिव्यांवर आपण तासाला ०.३५ लिटर वाचवलं, म्हणजे ०.९४ किलो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट हवा तापवतो. निम्मा जादा गॅस सुटला तर मिथेन भरतो शंभर ग्रॅम, म्हणजे २.८ किलोइतका परिणाम. निम्मा नको, चौथा हिस्सा धरला तरी १.४. वाचवलं त्याहून जास्त.

पाच दिव्यांवर हाच हिशोब : वाचवले १.८८ किलो, सुटला निम्मा धरून ०.८७ च्या आसपास. तिथे फायदा आहे.

म्हणजे पांढरं फडकं खोटं बोलत नव्हतं, पण ते फक्त काजळीचं सांगत होतं. हलक्या भारावर आम्ही दिसणारा धूर काढून न दिसणारा गॅस सोडत होतो. काकूंच्या नाकातली काजळी कमी झाली हे खरं आहे आणि ते मला सोडायचं नाही. पण "प्रदूषण कमी झालं" असं अहवालात सरसकट लिहू देणार नाही.

१९ जानेवारी

मुलांना हिशोब दाखवला. एक जण बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मॅडम, तक्ता चुकला नव्हता, आपण बघितलेली गोष्टच अपुरी होती." त्याने स्वतःच ड्रमचा रकाना तक्त्यात घातला.

गॅस न जळण्याचं कारण : मोकळ्या हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच ज्योत पसरते. सिलिंडरमधल्या दाब-तापमानाने ही खालची हद्द आणखी उतरते, पण इंजिनावर भार कमी असला की आत तेवढी उष्णता नसते. दोन दिव्यांवर आपलं मिश्रण जेमतेम तीन टक्क्यांचं. डिझेलच्या फवाऱ्याजवळचा गॅस जळतो, कडेचा तसाच राहतो.

दोन उपाय केले. डिझेल पंपाखालचा एक शिम (पातळ पत्र्याची चकती) मेस्तरींनी काढला, म्हणजे फवारा थोडा आधी सुटतो. गोबरगॅस हळू जळतो, त्याला तेवढा वेळ मिळतो. दुसरं, हवेच्या नळीत झडप बसवून हलक्या भारावर हवा थोडी अडवली, म्हणजे मिश्रण दाट होतं. फार अडवली की इंजिन गुदमरतं आणि काळा धूर परत येतो.

पाच दिवे : २५ वरून २३.५ सेंटिमीटर. दोन दिवे : २० वरून १७. सुधारणा आहे. पण दोन दिव्यांना ११ पाहिजे होता.

दोन शिम काढून पाहिले तेव्हा ठोका एवढा वाढला की मेस्तरींनीच इंजिन बंद केलं. एकच बरा.

२६ जानेवारी

पहाटे कडाक्याची थंडी. दिवसाचा गॅस २.७ घनमीटरवर आला. स्वयंपाक वजा जाता इंजिनाला पाऊण तास.

इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी कोमट असतं, ते आतापर्यंत दांडात जायचं. आता ते हौदात घेऊन त्यातच शेण कालवतो. एवढ्याने प्लांट तापत नाही. पण गारठलेलं पाणी रोज आत जायचं थांबलं, आणि आठवड्यात ड्रमची घसरण थांबली. वर चढला नाही, थांबला. काकूंच्या हातांना मात्र फार बरं वाटतंय, शेण कालवताना बोटं आखडत नाहीत.

९ फेब्रुवारी

दिवे काढले, खरी कामं लावली.

पंप : सतत एकसारखा भार, नुसत्या डिझेलवर तासाला ०.९ लिटर. गॅसवर ०.२९. ड्रमचा हिशोब पाच दिव्यांसारखाच. पंपाला गॅस द्यायचा.

कडबाकुट्टी : पेंढी घातली की इंजिन दबतं, पुढची येईपर्यंत मोकळं फिरतं. भार क्षणाक्षणाला बदलतो. गॅसचा कॉक हाताचा आहे, तो एवढ्या झटपट कोण फिरवणार? मोकळ्या क्षणांत गव्हर्नर डिझेल इतकं कापतो की काडी पुरत नाही, इंजिन वर-खाली व्हायला लागतं आणि प्रत्येक वेळी कच्च्या गॅसचा भपकारा येतो. एकदा पट्टा निसटला तेव्हा वेग एकदम चढला. मुलगा कॉकजवळच होता म्हणून निभावलं.

कुट्टीला गॅस नाही. तात्यांना हे पटायला वेळ लागला, कारण कुट्टी रोज असते आणि पंप आठवड्यातून चार दिवस. "डिझेल तर वाचायलंय ना?" वाचतं. पण तोच गॅस पंपावर लावला तर दुप्पटीच्या जवळ वाचतं, आणि उरला तर शेगडीला जातो. दुप्पट ऐकल्यावर तात्या ड्रमच्या पट्टीजवळ जाऊन स्वतः आकडे बघून आले.

कुट्टीसाठी सायलेन्सरचा पाइप लांबवून गोठ्याच्या छपरावरून पलीकडे नेला. एवढी साधी गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

२३ फेब्रुवारी

गॅसवर एकूण ३८ तास झाले. ऑइल काढून पाहिलं. काळेपणा कमी, चिकटपणा बोटाला ठीक. तरी ऑइल नेहमीच्या निम्म्या तासांतच बदलायचं ठरवलं. फिल्टरमधून सल्फाइड कधी निसटला तर आधी तेच खराब होणार. इंजेक्टर काढला, टोकाला थोडा कार्बन, छिद्रं मोकळी.

अहवालात दोन वेगळी पानं करायला सांगितली आहेत. एकावर भाराखालचे आकडे, दुसऱ्यावर हलक्या भाराचे. दोन्हींची सरासरी काढायची नाही. सरासरीत हलक्या भाराचं नुकसान पंपाच्या फायद्याखाली दडून जाईल.

९ मार्च

उन्हं वाढली तसा ड्रम पुन्हा काठाला आला. दिवसाला सव्वातीन घनमीटर. पंपाला रोज तासभर देता येईल.

कुणी विचारायला नको म्हणून ड्रमवर लाल रंगाची रेघ मारली, माथ्यापासून ४५ सेंटिमीटरवर. ड्रम उतरून रेघ पाण्याला टेकली की इंजिनाचा गॅस बंद, उरलेला शेगडीचा. काकूंनी ब्रश हातातून घेतला आणि रेघ चार बोटं खाली ओढली. गुरुवारी होळी, पुरण शिजायला वेळ लागतो.

नवी रेघ : ५२ सेंटिमीटर. पट्टीवर नोंदवली.